घंटेची पावती

४ फेब्रुवारी

चि. टिचकीस,

तुझं पाकीट मिळालं. पत्र मिळालं नाही.

पत्ता नीट आहे म्हणे, तिकीट सरळ आहे, मागे कचेरीचा शिक्काही आहे. डिंक तर असा लावलास की शिंप्याला कात्री आणावी लागली. आत कागद घालायचा तेवढा राहिला. शिंप्याने पाकीट उलटं करून झटकलं, दारातल्या उजेडाला धरलं, शेवटी तिन्ही बाजूंनी उसवून टेबलावर पसरलं. मी म्हटलं, "वाच की." तो म्हणाला, "आजी, यात काही नाही हो." मी म्हटलं, "बघ बाबा, मला तर सगळी पत्रं सारखीच दिसतात."

एवढी वर्षं परदेशात शिकलीस, मोठ्या परीक्षा देऊन साहेब झालीस. पाकिटात पत्र घालायचं हे तिथे कुठल्याच वर्गात येत नसावं. तसं लहानपणीही शाळेत जाऊन दप्तर विसरलं म्हणून परत येणारी तूच.

पण मला वाटतं, या वेळी तू विसरली नाहीस. लहान असताना काही बिनसलं की तू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहायचीस. "काय गं?" विचारलं की पेलाभर पाणी प्यायचीस आणि निघून जायचीस. हे पाकीट मला तसंच वाटलं. पाणी पिऊन गेलीस.

इकडे सगळं ठीक. मी आता खालच्या खोलीत राहते, शिंप्याच्या दुकानाला लागून आहे ती. वर वारा फार लागायचा. बाकी काही नाही. इथून त्याचं मशीन ऐकू येतं आणि त्याला माझी बडबड, त्यामुळे दोघांचंही काम हळू चालतं. तुझा काका रविवारी येतो, गोळ्यांच्या पुड्या उघडून बघतो आणि मान हलवतो. पुढच्या वर्षी इथल्या मोठ्या शहरात तुझी बदली होणार असं तू म्हणाली होतीस, म्हणून वरच्या खोलीतली तुझी खाट मी कुणाला हलवू दिली नाही. काका तिच्यावर टपून आहे.

शिंप्याला आता "कळविण्यास आनंद होतो की" असं लिहायचं आहे. मी त्याला सांगितलं, मी बोलते ते लिही, मी काय बोलले असते तर बरं दिसलं असतं ते लिहू नकोस. सगळं लिहून झालं की त्याच्याकडून वाचून घेते. मध्ये गिऱ्हाईक आलं तर पुन्हा पहिल्यापासून. तो वैतागतो. वैतागू दे.

काय झालंय ते लिही. आणि लिहिलेलं पाठव.

आजी

२० फेब्रुवारी

चि. टिचकीस,

हे पाकीट जड होतं. मागच्याची भरपाई केलीस. शिंप्याने दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा चष्मा पुसून. मला समजलं ते सांगते, चुकलं असेल तर कळव.

तुझ्या कचेरीच्या वर डोंगरात एक वस्ती आहे. त्यांची भाषा वेगळी, ती तुला येत नाही. तिथे एक खोलीची शाळा, एक मास्तर, मूठभर पोरं. सरकार म्हणतं ही शाळा बंद करा, पोरं खाली मोठ्या शाळेत येतील, गाडी देऊ. बंद करण्याआधी लोकांना विचारायचं, ते काम तुझं. आधीचे साहेब वर टेबलामागे बसून फर्मान वाचायचे, तसं तुला करायचं नव्हतं. तू परदेशात शिकलीस तशा खुर्च्या गोल मांडल्यास. म्हणजे कुणी वर नाही, कुणी खाली नाही. घरटी एक माणूस खाली कचेरीत बोलावलंस, कारकुनाला दुभाषा केलंस आणि पुन्हा पुन्हा विचारलंस, "कुणाची हरकत?" कुणी तोंड उघडलं नाही. चहा प्याले आणि गेले. तू वरच्या साहेबाला लिहून पाठवलंस, हरकत नाही.

मग एके सकाळी वस्तीतले काही जण शाळेची घंटा बांबूला अडकवून खाली घेऊन आले, तुझ्या व्हरांड्यात ठेवली आणि एक शब्द न बोलता परत गेले. तुला आनंद झाला. लोक किती सहकार्य करतात! तू घंटा सरकारी सामानात जमा केलीस आणि ड्रायव्हरबरोबर वर पावती पाठवलीस.

तेव्हापासून वस्तीचं कुणी कचेरीत पाऊल टाकत नाही. तुझी जीप दिसली की रस्त्यातली माणसं दरीकडे तोंड करतात. तुला सरपण आणून देणारी बाई यायची बंद झाली. आणि तू मला विचारतेस, "आजी, माझं काय चुकलं? मी तर सगळ्यांना सारखी खुर्ची दिली."

टिचके, मी आधी हसले. शिंपी म्हणतो हे लिहू नका, पोरीला वाईट वाटेल. मी म्हटलं लिही. इतकी हसले की त्याच्या गिऱ्हाइकाने आत डोकावून पाहिलं.

अगं, घरातून निघालेली सून कमरेच्या किल्ल्या काढून सासूपुढे ठेवते, तेव्हा सासूने काय पावती फाडायची? "किल्ल्या मिळाल्या, नग चार, आभारी आहे"? त्या माणसांनी तुझ्या दारात घंटा आणून आपटली, त्यांच्या परीने जेवढी हळू आपटता येते तेवढी. आणि तू सही करून कागद पाठवलास, वर शिक्का!

आता हसणं पुरे. मला एवढंच सांग, त्या गोल खुर्च्यांत माझ्या वयाचं कोण होतं?

आजी

(टिचकीताई, हे मी शिंपी लिहीत आहे. आजी भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या आहेत. हा मजकूर त्यांना वाचून दाखवणार नाही. त्या वाऱ्यामुळे खाली आलेल्या नाहीत. पौष सरताना जिन्यावरून पडल्या. उजवा पाय अजून टेकवत नाहीत. आणि तुमची बदली कधी, हे रोज विचारतात. तुम्हाला नाही, मला. मी सांगितलं असं कळू देऊ नका, माझा जीव घेतील.)

१२ मार्च

चि. टिचकीस,

शिंपी तीन दिवसांपूर्वी तुझं पत्र वाचत होता. वाचता वाचता एका ठिकाणी थांबला, खोकला, आणि पुढच्या ओळीवर गेला. शिंप्याला खोकला नाही. मी म्हटलं, "मधलं वाच." म्हणाला, "मधे काही नाही." मी म्हटलं, "मधे काही नसतं तर तू खोकला नसतास." मग कळलं. माझ्या पायाचं कसं आहे म्हणून तू विचारलंयस.

माझ्या पत्रात, माझ्या पाठीमागे, माझाच शिंपी बोलतो! दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. मग पत्राला उत्तर द्यायचं होतं म्हणून बोलावं लागलं. पाय बरा आहे. जिना कसला, शेवटच्या दोन पायऱ्या होत्या. कुणी डोंगरावरून पडल्यासारखं लिहिलं असेल तर ते त्याचं शिवणकाम, एक वीत कापडाचा अंगरखा करतो.

आता तुझं. तू लिहितेस, माझ्या वयाचं कुणी नव्हतं. वस्तीत सगळ्यांत वयाने मोठी एक बाई आहे, तिला सगळे मोठी म्हणतात. तिचे गुडघे गेलेत म्हणून ती खाली येत नाही. आणि ती बोलल्याशिवाय दुसरं कुणी बोलत नाही, ही तिथली रीत. हे तुझ्या कारकुनाला पहिल्यापासून ठाऊक होतं. "मग सांगितलं का नाही?" तर म्हणे, "बाईसाहेब, तुम्ही विचारलं नाही."

मग सभा झालीच नाही, टिचके. चहा झाला.

तुझ्या परदेशी जाण्याची सभा आठवते का? वरच्या खोलीत. तुझा बाप पंख्याकडे बघत होता. तुझी आई एकच टॉवेल परत परत घडी करत होती. काका बोटं मोडत होता, त्या वयातही. तू परदेशातल्या प्रवेशाचा कागद हातात धरून दारात उभी. कुणी एक अक्षर बोलत नव्हतं. तेव्हा कुणा साहेबाने येऊन लिहून घेतलं असतं, तर काय लिहिलं असतं? सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मी आधी चहा संपवला. मग म्हटलं, "जाऊ दे तिला. इथे राहून तरी कुणाचं ऐकते?" मग सगळ्यांना वाचा फुटली. तुझा बाप तर लगेच म्हणाला, माझंही हेच मत होतं. त्या एका चहाच्या कपावर तू परदेशात गेलीस, आणि तिथून खुर्च्या गोल मांडायला शिकून आलीस.

वरच्या साहेबाची सही झाली आहे असं लिहितेस. आता "माझा अहवाल चुकला" म्हणालीस तर नावावर डाग लागेल आणि बदलीच्या यादीतून नाव जाईल. म्हणून तुझ्या मनात आहे की तोंड मिटून बसावं आणि वस्तीला एकाऐवजी दोन गाड्या मिळवून द्याव्यात. त्यांनी गाडी मागितली का? तेही तूच ठरवलंस.

बदलीचं मी ऐकलं. शिंप्याला ते दुसऱ्यांदा वाचायला लावलं नाही.

मला लिहिता येत नाही. जन्मभर माझी पत्रं दुसऱ्याने लिहिली. आधी तुझ्या आजोबांनी, मग तुझ्या आईने, आता याने. तेव्हा या एका कामात मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. लिहिणारा नेहमी थोडं आपलं घालतो. तुझे आजोबा माझ्या माहेरच्या पत्रात "इकडे मी फार सुखात आहे" असं घालायचे, मी न सांगता. वाचून घ्यायची सवय मला तेव्हापासून लागली. त्या वस्तीला सरकारची भाषा लिहिता येत नाही. सरकारला त्यांचं पत्र तू लिहितेस, म्हणजे तू त्यांचा शिंपी. माझ्या शिंप्याने माझ्या पाठीमागे लिहिलं, पण खरं तरी लिहिलं, म्हणून त्याला सोडला. तू त्यांच्या तोंडावर लिहिलंस आणि ते बोललेच नव्हते. आणि वाचूनही दाखवलं नाहीस.

घंटा परत ने. ड्रायव्हरबरोबर पाठवू नकोस, तू स्वतः ने. खुर्च्या नेऊ नकोस. त्या मोठीपेक्षा खाली बस आणि ती बोलेपर्यंत तोंड बंद ठेव. तुला जमणार नाही, पण प्रयत्न कर.

वरच्या साहेबाला काय लिहायचं ते मी सांगणार नाही. ते पत्र तुझं तू लिही.

आजी

२ एप्रिल

टिचके,

पत्र नाही. पाकीटही नाही, रिकामंसुद्धा नाही.

मी गप्प आहे म्हणून माझी हरकत नाही असं धरून चालू नकोस.

काठी घेऊन दारापर्यंत जाते. पोस्टमन समोरच्या बाजूने जातो, आमच्या बाजूला बघत नाही, बघितलं तर मी काहीतरी विचारीन म्हणून. शिंपी म्हणतो आजी, डोंगरात पत्र उशिरा निघतं. मी म्हटलं तुला कसं ठाऊक, तू कधी कुठे गेलास? गेला नाही. पण त्याच्या मेव्हण्याने डोंगर पाहिला आहे.

काकाने खाट मागितली. अजून दिली नाही.

आजी

२८ एप्रिल

चि. टिचकीस,

शिंप्याने सकाळी गिऱ्हाइकांना घालवून दुकानाची अर्धी फळी लावली आणि तुझं पत्र वाचलं. मधे एकदाही खोकला नाही. मला समजलं ते सांगते.

जीप ओढ्यापर्यंतच जाते. पुढे तू आणि ड्रायव्हर, बांबू खांद्यावर, मधे घंटा. तिची जीभ बांधायचं दोघांनाही सुचलं नाही. साहेब आणि सरकारी ड्रायव्हर, अक्कल सारखीच. त्यामुळे पाऊल टाकलं की टण, टाकलं की टण. वर पोचेपर्यंत सगळी वस्ती भिंतींवर चढून बघत होती की शाळा स्वतःच चालत येते की काय. खांदा सोलून निघाला म्हणतेस. हळद लाव. आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत मान वाकडी करून बसलीस ते मला फार आवडलं.

मोठी दारात बसली होती. तू खालच्या पायरीवर बसलीस. ती गप्प, तूही गप्प. हे शिंप्याने वाचलं तेव्हा मी त्याला म्हटलं, खरं असेल तर पोरगी मोठी झाली.

आणि मग ती पहिलं काय बोलली! "मी पावती द्यायची का?" तुझा तो कागद तिने घडी करून उशाशी ठेवला होता. शिंपी इथे इतका हसला की त्याच्या तोंडातली टाचणी पडली. अजून सापडली नाही, मी पाय उचलूनच बसले आहे.

मग ती बोलली. भिंतीची सावली पायरीवरून अंगणात गेली तरी बोलत होती, आणि तुझा कारकून म्हणाला, "बाईसाहेब, ती नाही म्हणते." एवढंच! तू त्याला शेजारी बसवून एकेक वाक्य काढून घेतलंस, ते बरं केलंस. काय निघालं त्यातून? मोठ्या पोरांनी खाली जायला त्यांची ना नव्हतीच. खालची शाळा चांगली आहे हे त्यांनाही कळतं, आंधळे नाहीत ते. पण ज्यांचे दुधाचे दात पडायचे आहेत ती पोरं वरच राहतील, आपल्या माणसांच्या हाकेच्या टप्प्यात. दात पडले की पाठवू. मास्तर राहील, घंटा राहील. बस. पहिल्या दिवशी वर जाऊन विचारलं असतंस तर एका दुपारचं काम होतं.

तू लिहिलंस, आणि वाचून दाखवलंस. तिने मधेच हात वर केला. तू लिहिलं होतं "वस्तीची विनंती आहे". ती म्हणाली, "मी विनंती केली नाही. मी सांगितलं." ते तुला खोडायला लावलं. मला ही बाई भेटायला हवी होती. आमचं दोघींचं जमलं असतं, नाहीतर मुळीच जमलं नसतं.

आता पुढचं. तू वर लिहून कळवलंस की सभा झालीच नव्हती आणि आधीचा अहवाल चुकीचा आहे, चूक तुझी. साहेबाने बोलावून घेतलं, बसायला सांगितलं नाही, आणि विचारलं की परदेशात शिकून हेच करता का. तू काही बोलली नाहीस. म्हणजे आता त्याने काय समजायचं, तुझी हरकत नाही? असू दे. त्याला तो धडा कुणीतरी दुसरं शिकवेल. लहान पोरांची शाळा या वर्षी राहिली, पुढच्या वर्षी पुन्हा बघू म्हणाला. आणि बदलीच्या यादीतून तुझं नाव गेलं.

हे तू पत्राच्या अगदी शेवटी लिहिलंस, एका ओळीत. शिंप्याने हळू वाचलं. मी त्याला पुन्हा वाचायला सांगितलं, या वेळी दोनदा.

वाईट वाटलं, टिचके. वाटलं नाही असं शिंप्याने लिहिलं तर त्यावर विश्वास ठेवू नकोस. तू येशील, वरच्या खोलीत राहशील, सकाळी जिन्यावरून धडधड करत उतरशील, आणि मी ओरडेन, असं मी धरून चालले होते. बदली जाईल हे मला मागच्या महिन्यातही ठाऊक होतं आणि तरी घंटा परत ने म्हणून मी सांगितलं. ते चुकीचं सांगितलं नाही. तरी वाईट वाटलं. दोन्ही लिही, मी शिंप्याला म्हटलं, एक खोडू नकोस.

खाट काकाला दिली. तो दुपारीच ती न्यायला भाड्याची गाडी घेऊन आला, आता त्याची पाठ दुखते. सरपणवाली पुन्हा यायला लागली हे वाचून मात्र बरं वाटलं. ती दारात लाकडं टाकते आणि काही बोलत नाही म्हणतेस. बोलेल. तिला पैसे देताना तिच्या भाषेत दोन शब्द बोल, चुकीचे बोललीस तरी चालतील, त्यांनाही कधीतरी हसायला मिळू दे.

आणि हे काय, मोठीने विचारलं तुला वर यायला कुणी सांगितलं, तू म्हणालीस माझ्या आजीने, तिलाही लिहिता येत नाही. मग तिने माझ्यासाठी पिशवीभर अक्रोड दिले. आणि तू लिहितेस, "आले की घेऊन येईन." कधी येशील ते लिहिलं नाहीस. तेव्हा वाट बघत बसू नकोस, अक्रोड पोस्टाने पाठव. फोडून पाठव, तिला दात असतील, मला नाहीत. कवच तुझ्या शेकोटीत घाल, गर कोरड्या फडक्यात बांध, ओल लागली तर खवट होतात. त्यातले मूठभर शिंप्याचे, तो आत्ता लिहिता लिहिता थांबून माझ्याकडे बघतो आहे. आणि पिशवीचं तोंड शिवण्याआधी आत एकदा हात घालून बघ.

आजी